वय २४, टेस्टोस्टेरॉन २८७ आलंय, ट्रेनर टीआरटी (बाहेरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं) घे म्हणतोय, घेऊ का?

कृष्णाकाठ२४
नमस्कार मंडळी. सांगलीचा आहे, कुपवाड एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. तीन वर्षं झाली जिम मनापासून करतोय. वजन ७१, बेंच प्रेस ८५ किलोवर येऊन अडकलाय तो सहा महिने झाले हलेना, स्क्वॉटचं पण तसंच. दोन-तीन महिन्यांपासून अंगात जीवच नसल्यासारखं वाटतंय, ड्युटीवरून आलं की नुसतं पडून राहावं वाटतं.
ट्रेनरला सांगितलं तर म्हणाला तुझी नॅचरल लिमिट संपली, टेस्टोस्टेरॉन चेक कर. केलं. २८७ आलं आणि रिपोर्टवर शेजारी लो असं छापलंय. आता तो म्हणतोय टीआरटी चालू करू, आठवड्याला २५० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन, हे स्टेरॉइड नव्हे, शरीरात जे कमी आहे तेवढंच भरायचं. माल पण तोच आणून देणार. आमच्यातली चार-पाच पोरं घेत्यात आणि फरक मी डोळ्यांनी बघतोय, त्यामुळं खोटं तरी कसं म्हणू. घरात कुणाला बोललो नाही, आई पुढच्या वर्षी लग्नाचं बघायचं म्हणतीय. खरंच लागतं का हे २४ व्या वर्षी? कुणी घेतलं असेल तर स्पष्ट सांगा.

तांबडी_माती
पोरा आधी ती सुई बाजूला ठेव मग बोलू. मी काय डॉक्टर नाही, पण पंधरा वर्षं तालमीत गेली, कुंडलच्या मैदानात पण लढलोय. ताकद अडकली म्हणून वस्तादांकडं गेलं की ते दोनच गोष्टी विचारायचे, झोपला किती आणि खाल्लं काय. चार दिवस जोर-बैठका बंद करून नुसतं खायला आणि झोपायला लावायचे, पाचव्या दिवशी पोरगं परत उभं राहायचं. तू शिफ्टची ड्युटी करून वर जिम पण मनापासून मारतोस म्हणतोस, तर अंगाला भरून यायला वेळ कधी देतोस?
आणि आता तालमीत पण ही सुई घुसलीय, १९-२० वर्षांची पोरं घेत्यात. घरचे म्हैस विकून खुराकाला पैसे देतात आणि पोरगं ते ह्याच्यात घालतंय, बघून पोटात तुटतं. उद्या स्पर्धेत उतरायचं मनात असेल तर डोप टेस्टला सापडलास की वर्षानुवर्षं बंदी.

मिरज_फिजिशियन
उत्तर देण्याआधी काही गोष्टी विचारतो, नीट सांग. टेस्ट किती वाजता केली? उपाशीपोटी होती का? त्या आठवड्यात शिफ्ट कोणती होती, झोप किती? डाएट कसलं चालू आहे, वजन कमी करतोयस का? सकाळी उठल्यावर ताठरता येते का, इच्छा कमी झालीय का? दाढी वगैरे वेळेवर आली होती ना? लहानपणी गालगुंड, अंडकोषाला मार, ऑपरेशन असं काही? आणि कुठल्या गोळ्या, पावडरी घेतोस?

कृष्णाकाठ२४
डॉक्टर, टेस्ट संध्याकाळी पाच-साडेपाचला केली, दुपारी उठून जेवलो होतो आणि लॅबमध्ये जाताना वाटेत वडापाव खाल्ला. त्या आठवड्यात नाइट होती, नाइटला असलं की दिवसा जेमतेम पाच तास झोप लागते, खाली रस्त्याचा आवाज असतो. डाएट म्हणाल तर मित्राच्या लग्नाच्या आधी ॲब्ज काढायचे म्हणून दोन महिने भात-चपाती जवळजवळ बंद, अंड्याचा पांढरा भाग आणि चिकन, तेल-तूप अजिबात नाही, सहा किलो उतरवलं. बाकी तुम्ही विचारलं ते सगळं व्यवस्थित आहे, आजारपण काही नाही.

लिफ्टर_कराड
मी थोडं वेगळं बोलतो. ट्रेनरकडून घेऊ नको हे बरोबर, पण डॉक्टरच्या देखरेखीत कमी डोस घेतला आणि दर तीन महिन्याला रक्त तपासत राहिलं तर एवढं घाबरायचं काय आहे? अमेरिकेत तर सर्रास घेतात. २८७ म्हणजे लोच आहे ना, मग उगाच का सोसायचं.

अजिंक्यतारा_वॉकर
हे असलं मी पहिल्यांदाच लिहितोय, पण भावा तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. मी साताऱ्याचा, वय आता ३१. पंचविसाव्या वर्षी अगदी हेच वाक्य मला एकानं सांगितलं होतं, स्टेरॉइड नाही, कमी आहे तेवढंच भरायचं. आठवड्याला २५०, सव्वादोन वर्षं. खोटं बोलणार नाही, काम करतं ते. पहिल्या तीन महिन्यांत शर्ट बसेनात, बेंच २५ किलोनं वाढला, लोक रस्त्यात विचारायला लागले काय खातोस. पाठ फोडांनी भरली, अंडकोष बारीक झाले हे कळत होतं पण मी तिकडं लक्षच दिलं नाही.
लग्न झालं. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं, काही नाही. घरच्यांनी बायकोच्या तपासण्या सुरू केल्या, सोनोग्राफी झाली, कसल्या कसल्या गोळ्या झाल्या, नातेवाइकांची बोलणी तिनं खाल्ली, आणि मी शेजारी गप्प बसून होतो कारण मी सुई घेतो हे तिला पण माहीत नव्हतं. शेवटी एका डॉक्टरनी माझी वीर्य तपासणी सांगितली. शुक्राणू शून्य. कमी असं नाही, शून्य. त्या दिवशी घरी जाऊन तिला सगळं सांगितलं. ती रात्र मी विसरू शकत नाही.
सुई बंद केली तर पुढचे तीन-चार महिने माणूस म्हणून उरलो नव्हतो, ना झोप, ना इच्छा, नुसती उदासी, कमावलेलं अंग पण बरंच उतरलं. मग एंडोक्रायनॉलॉजिस्टकडं, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडं, अंडकोष परत चालू करायला एचसीजीची इंजेक्शनं आणि क्लोमिफीनच्या गोळ्या, नवव्या महिन्यात रिपोर्टमध्ये पहिल्यांदा शुक्राणू दिसले. आता मुलगी आहे एक वर्षाची. पण बायकोचं ते दीड वर्ष मी परत देऊ शकत नाही. तुझी आई लग्नाचं बघतीय म्हणालास म्हणून एवढं लिहिलं.

मिरज_फिजिशियन
साताऱ्याच्या मित्रा, तू लिहिलंस ते फार बरं केलंस. तुझ्या बाबतीत काय झालं तेच सगळ्यांसाठी सांगतो. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, ती एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स सोडते आणि त्या हुकमावर अंडकोष टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू तयार करतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो हुकूम बंद करतो. रक्तात पातळी चांगली दिसते पण अंडकोषाच्या आतली पातळी कोसळते, आणि शुक्राणूंना तीच लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉन एनँथेट हे टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन तपासलं होतं, १९९० मध्ये निकाल छापले. आठवड्याला २०० मिलिग्रॅम, २७१ निरोगी पुरुष, त्यातल्या १५७ जणांचे शुक्राणू शून्यावर आले. म्हणजे ज्या डोसनं गर्भनिरोधन साधतं त्यापेक्षा जास्त डोस तुझा ट्रेनर 'भरून काढायला' देतोय. बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण महिने लागतात, काहींना वर्षाच्या वर, आणि दिवस कुणी लिहून देऊ शकत नाही.
खऱ्या टीआरटीत आठवड्याला ७५ ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास देतात. २५० हा टीआरटी नव्हेच, ती अंग वाढवायची स्टेरॉइडची सायकल, म्हणजे कोर्स आहे. अंग वाढतं हे कुणी नाकारत नाही. १९९६ च्या एका अभ्यासात आठवड्याला ६०० मिलिग्रॅम देऊन दहा आठवडे व्यायाम करून घेतला तर चरबी सोडून सहा किलोच्या आसपास वजन वाढलं, नुसत्या व्यायामानं दोनच्या आसपास. पण ते सगळे नॉर्मल पातळीचे पुरुष होते, डोस खऱ्या टीआरटीच्या सहापट होता. कमतरता आणि मसल यांचा संबंध ट्रेनर लोक जोडतात तसा नाही. नॉर्मल रेंजमध्ये ४०० चं ६०० झालं म्हणून बेंच वाढत नाही.
कराडच्या मित्रासाठी. अमेरिकेत सर्रास घेतात हे खरंय, म्हणूनच तिथल्या एफडीएनं मार्च २०१५ मध्ये कंपन्यांना लेबल बदलायला लावलं, की हे औषध फक्त ठरावीक आजारामुळं टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्यांसाठी आहे. आणि रक्त तपासायचं ते उगाच नाही. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, वाढून रक्त घट्ट होतं, ५४ टक्क्यांच्या वर गेलं की औषध थांबवावं लागतं. तपासत राहिलास तरी शुक्राणू जायचे ते जातातच.
आता तुझा रिपोर्ट. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं, नंतर उतरतं, जेवल्यावर अजून उतरतं. नाइट शिफ्टला तर तुझं घड्याळच उलटं झालेलं. २०११ मध्ये दहा तरुणांना आठवडाभर रोज पाच तासच झोपू दिलं तर दिवसाची पातळी १० ते १५ टक्के खाली आली. त्यात तू दोन महिने उपाशी राहून सहा किलो उतरवलेस, तेल-तूप बंद. अशा वेळी शरीर स्वतःच हे कारखाने मंद करतं. तेव्हा ही टेस्ट मी धरतच नाही. डे शिफ्टचा आठवडा चालू असताना, चार-पाच रात्री नीट झोपून, सकाळी आठच्या सुमाराला उपाशीपोटी कर. पुन्हा वेगळ्या दिवशी एकदा. सोबत एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच अजून एक हार्मोन), आणि थकव्यासाठी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२. त्याआधी भात-चपाती-तूप परत सुरू कर, जिम आठवडाभर हलकी.

४७_एक्सएक्सवाय
एक बाजू राहायला नको म्हणून लिहितो. मी टीआरटीवर आहे, वय २९, आणि वेट्स पण मारतो. मला क्लाइनफेल्टर आहे, म्हणजे जन्मतः एक एक्स क्रोमोसोम जादा. दाढी आली नव्हती, अंडकोष लहान, टेस्टोस्टेरॉन सकाळच्या दोन्ही टेस्टला १५० च्या आत आणि एलएच खूप वर. इंजेक्शन सुरू झाल्यावर मी पहिल्यांदा दिवसभर जागा राहू शकलो. त्यामुळं औषध वाईट असं कुणी म्हणू नका, ज्याला लागतं त्याला ते जेवणासारखं लागतं. पण ते आयुष्यभर आहे. ज्याचं शरीर स्वतः बनवतंय त्यानं ते बंद पाडून माझ्या रांगेत येऊन का उभं राहावं, हे मला खरंच कळत नाही.

कृष्णाकाठ२४
सगळ्यांचे मनापासून आभार. अजिंक्यतारा दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. ट्रेनरला आज नाही म्हणून सांगितलं, त्याला आवडलं नाही, असू दे. पुढच्या सोमवारपासून फर्स्ट शिफ्ट आहे, सातला आत जावं लागतं म्हणून वीकली ऑफला लॅब गाठतो. कालपासून आईच्या हातचं नीट जेवतोय. डॉक्टर, गोळ्यांचं सांगायचं राहिलं होतं, व्हे प्रोटीन, क्रिएटिन आणि केस गळतात म्हणून बायोटिन १० मिलिग्रॅम रोज. चालेल ना?

मिरज_फिजिशियन
व्हे, क्रिएटिन चालू दे. बायोटिन टेस्टच्या तीन दिवस आधीपासून बंद ठेव आणि लॅबमध्ये तसं सांग, काही मशीनवर त्यामुळं टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दिसतं आणि थायरॉइडचे आकडे पण बिघडतात. रिपोर्ट आले की आकडा आणि त्यापुढची लॅबची रेंज दोन्ही इथं टाक.