पाचपाखाडीतल्या घराची लादी: कमी दर की हातातला माल?

विषय: ठाण्यातील घरासाठी लादी – दर पाहावा की वेळ?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

पाचपाखाडीतील आमच्या घराची दुरुस्ती गणेशविसर्जनानंतर सुरू होणार आहे. त्या काळात आई-बाबा जवळच महिना ३२,००० रुपये भाड्याच्या घरात राहणार असून, दिवाळीला ते स्वतःच्या घरी असावेत एवढीच आमची अट आहे. मी म्युनिकमध्ये आणि धाकटा भाऊ पुण्यात, त्यामुळे रोज जाऊन देखरेख करणे दोघांनाही शक्य नाही.

हॉल, दोन्ही खोल्या आणि स्वयंपाकघर मिळून साधारण ६५० चौरस फूट लादी बसवायची आहे. सहाशे बाय बाराशे मिलिमीटरची, म्हणजे बाजारात जिला दोन बाय चार म्हणतात ती, पांढरट रंगाची व्हिट्रिफाइड लादी आम्ही निवडली आहे. कंत्राटदाराच्या ओळखीने गुजरातमधील मोरबीहून थेट मागवल्यास दर ५८ रुपये चौरस फूट असून त्यावर जीएसटी, शिवाय गाडीभाडे आणि तिसऱ्या मजल्यापर्यंतची हमाली मिळून चौरस फुटाला सुमारे ६ रुपये पडतील. माल "पंधरा-वीस दिवसांत" येईल असे तो म्हणतो. ठाण्यातील दुकानदार तशाच लादीचे घरपोच, करासह ८२ रुपये सांगतो आणि चार दिवसांत माल देतो म्हणतो. भाऊ म्हणतो की चौरस फुटामागे २४ रुपये सोडण्यात अर्थ नाही. बाबांचा कल दुकानाकडे आहे. हे काम जवळून पाहिलेल्या सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

एक सभासद, म्युनिक

---

उत्तर: ठाण्यातील घरासाठी लादी

ताई, सप्रेम नमस्कार.

मी परदेशातून ठाण्याला परत आलो त्यालाही आता बरीच वर्षे झाली. निवृत्तीपर्यंत इमारतींच्या कामांवर अभियंता म्हणून काम केले असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

आधी दोन्ही दर एका पातळीवर आणू. ५८ वर १८ टक्के जीएसटी धरला की ६८ रुपये ४४ पैसे होतात आणि भाडे-हमालीचे ६ मिळवले की ७४ रुपये ४४ पैसे. म्हणजे खरा फरक २४ रुपयांचा नसून साडेसात रुपयांचा आहे. ६५० चौरस फुटांवर कापाकापी आणि तूटफूट यांसाठी दहा टक्के धरले तर ७१५ चौरस फूट होतात. या मापाच्या पेटीत दोन लाद्या असतात आणि त्यांचे क्षेत्रफळ १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट भरते. काही बिलांत ते सोळा धरलेले आढळते, तेव्हा तिकडेही लक्ष असू द्या. तुम्हाला ४७ पेट्या लागतील आणि एकूण फरक साडेपाच हजारांच्या आसपास येईल. भावाला वाटतात तसे साडेसतरा हजार नव्हेत.

भाड्याचे घर दिवसाला हजाराहून थोडे अधिक खाते. पाच-सहा दिवसांचा उशीर झाला की बचत संपली. आणि घरमालकाने पूर्ण महिन्याचेच भाडे मागितले, तर एका दिवसाचा उशीरही ३२,००० रुपयांना पडेल. कारागिरांचा खर्च मी यात अजून धरलेलाच नाही. लादी बसवणारे कारागीर रिकामे बसून राहत नाहीत, ते दुसऱ्या कामावर जातात आणि तिकडचे काम संपले की मगच परततात. त्यामुळे माल चार दिवस उशिरा आला म्हणून काम चारच दिवस लांबते असे सहसा होत नाही.

या हिशेबातील दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. माल आठ दिवस आधी आला तर तुमचा विशेष लाभ होत नाही, मात्र आठ दिवस उशिरा आला तर पुढची सगळी कामे अडतात, कारण लादीची जागा कामाच्या मधोमध आहे. नळ आणि विजेच्या नळ्या भिंतीत गेल्याशिवाय लादी बसवता येत नाही. आणि लादी बसल्याशिवाय स्वयंपाकघराचे कपाट, दारांची अंतिम उंची, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावायची लादीची पट्टी) व रंगाचा शेवटचा हात यांतले काहीच होत नाही. म्हणून "पंधरा-वीस दिवस" याची सरासरी काढून साडेसतरा दिवस धरू नका. विसावा दिवसही टळला तर काय होईल, एवढेच पाहा.

मोरबीला उशीर का होतो हेही समजून घ्यावे, कारण त्यात दर वेळी कोणी फसवत असतो असे नाही. देशातील सिरॅमिक लादीचा फार मोठा भाग त्या एका शहरात आणि त्याच्या आसपास तयार होतो. एका डिझाइनचा माल एका खेपेत भाजला जातो. तुमच्या डिझाइनचा साठा संपलेला असेल तर पुढच्या खेपेपर्यंत थांबावे लागते. तुमच्या ४७ पेट्यांसाठी स्वतंत्र ट्रक निघत नाही. इतरांचा माल मिळून गाडी भरली की ती सुटते. अहमदाबाद महामार्गाने येणारी मोठी गाडी बऱ्याचदा भिवंडीत रिकामी होते आणि तेथून टेम्पोने माल ठाण्यात येतो. घोडबंदर रस्त्याने आणायचा म्हटले तर गायमुखचा घाट आणि अवजड वाहनांवरची वेळेची बंधने आडवी येतात. दिवाळीला तिकडचे कारखानदार व व्यापारी काम बंद ठेवतात आणि अनेक जण लाभपंचमीला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला, मुहूर्त करूनच पुन्हा सुरुवात करतात, म्हणजे तुमची मुदत चुकली तर ती थोडक्यात चुकणार नाही. कधी संकट सगळ्या शहरावरच येते: २०२२ च्या ऑगस्टमध्ये गॅसचे चढे दर आणि मंदावलेली मागणी यांमुळे तेथील कारखान्यांनी सुमारे महिनाभर उत्पादन बंद ठेवले होते. अशा वेळी कंत्राटदाराची ओळख कितीही जुनी असली तरी ती कामाला येत नाही.

याचा अर्थ दुकानदाराचा शब्द आपोआप खरा ठरतो, असे मुळीच नाही. "माल आहे" याचा अर्थ दुकानात एक नमुना टांगलेला आहे, भिवंडीच्या गोदामात माल पडलेला आहे, किंवा मोरबीला फोन केला तर मिळेल, यांपैकी काहीही असू शकतो. तिसरा अर्थ असेल तर तुम्ही ज्यादा दर देऊन तीच अनिश्चितता विकत घेत आहात. म्हणून बाबांना किंवा भावाला गोदामात जाऊन पेट्या मोजायला सांगावे. प्रत्येक पेटीवर बॅच (उत्पादनाची खेप), शेड (रंगछटा) आणि प्रत यांचा शिक्का असतो. सर्व ४७ पेट्यांवर तो एकच असला पाहिजे. शेड बदलली की पांढरट लादीत हॉलच्या मधोमध पट्टा उमटतो. दोन बॅचच्या मापात मिलिमीटरचा फरक असला तरी सांधे एका ओळीत जुळत नाहीत. दोन-तीन पेट्या उघडून लाद्या पाठीला पाठ लावून उभ्या धरायला सांगा. बाक असेल तर मधली फट लगेच दिसते, आणि या लांब मापात ती पाहणे फार आवश्यक आहे.

तूटफूट झाल्यावर काय होते, हेही दरातच मोजायला हवे. मोरबीच्या मालात तीन पेट्या फुटल्या तर त्या तीन पेट्यांसाठी पुन्हा गाडी भरण्याची वाट पाहावी लागते आणि तोवर ती बॅच संपलेली असू शकते. गोदाम भिवंडीत असेल तर दुसऱ्या दिवशी टेम्पो येतो. साडेसात रुपये जास्त द्यायचे ते याच सोयीसाठी. गोदामातला माल डोळ्यांनी पाहून झाला असेल, तर माझ्या मते ते अवश्य द्यावेत.

आपला,
ठाण्याचे काका

---

उत्तर: ठाण्यातील घरासाठी लादी

नमस्कार.

काकांच्या हिशेबाशी मी सहमत आहे, तरी एक पर्याय सुचवते. आम्ही नेरूळच्या घरासाठी मोरबीचाच माल घेतला आणि उशिराची झळ आम्हाला लागली नाही, कारण माल घरात येऊन मोजून होईपर्यंत आम्ही जुनी लादी फोडायला परवानगीच दिली नव्हती. घर राहते होते, भाडे सुरू झालेले नव्हते, सोसायटीकडे अनामत रक्कमही भरलेली नव्हती. त्यामुळे ट्रक आठवडाभर रेंगाळला तरी आमचे काही थांबले नाही. वाट पाहायला पैसे पडत नसतील तर कमी दर घेण्यात काहीच चूक नाही. ताईंचे काम विसर्जनानंतरचे आहे. आज मागणी नोंदवली, तर माल त्याआधी येऊन पडेल, असे मला वाटते.

एक सभासद, सध्या नेरूळ, नवी मुंबई

---

उत्तर: ठाण्यातील घरासाठी लादी

ताई, नेरूळच्या ताईंचा मुद्दा अगदी योग्य आहे आणि माझ्या पत्रात तो यायला हवा होता. "आधी माल, मग हातोडा" हा क्रम पाळता आला, तर मोरबीविरुद्धचे माझे बहुतेक आक्षेप गळून पडतात. फक्त फुटलेल्या पेट्यांचा आक्षेप राहतो, आणि त्यावर उपाय म्हणजे तीन-चार पेट्या जास्त मागवणे.

मात्र घरात साठवण करताना वजनाचा विचार करावा. या मापाची एक पेटी साधारण २८ किलोची असते, म्हणजे ४७ पेट्यांचे तेराशे किलोंहून अधिक झाले. राहत्या घराच्या स्लॅबसाठी आपल्याकडे चौरस मीटरला सुमारे २०० किलो एवढा वापराचा भार धरतात. हमालांना मोकळे सोडले तर ते सगळ्या पेट्या हॉलच्या एका कोपऱ्यात दोन-तीन चौरस मीटरमध्ये रचून जातील, आणि तेथे भार त्याच्या दुपटीहून अधिक होईल. तुमची इमारत जुनी आहे. पेट्या चारही खोल्यांत, भिंतींच्या कडेने, एकावर एक न रचता उभ्या ठेवून विभागा. स्लॅबला तडे किंवा गळती असेल तर हा मार्ग सोडूनच द्या. आई-बाबा त्याच घरात राहत असतील तर पेट्यांमधून त्यांची चालण्याची वाट कशी राहील, तेही आधी पाहावे.

कोणाकडूनही घेतले तरी पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. विसार द्यावा, पावतीवर बॅच, पेट्यांची संख्या आणि पोहोचण्याची तारीख लिहून घ्यावी, आणि "मुदत हा या व्यवहाराचा मूलभूत भाग आहे" हे वाक्य त्यावर अवश्य घालावे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५५ नुसार मुदत मूलभूत असल्याचा दोन्ही पक्षांचा हेतू असेल आणि ती पाळली गेली नाही, तर करार रद्द करण्याचा पर्याय तुमच्याकडे राहतो. तोंडी "पंधरा-वीस दिवस" यावरून तो हेतू सिद्ध करणे कठीण जाते. कंत्राटदार मध्यस्थ असेल तर विक्रेता नक्की कोण आणि बिल कोणाच्या नावाने येणार, हे पहिल्याच दिवशी विचारावे. एरवी माल अडकला की तो कारखान्याकडे बोट दाखवतो आणि कारखाना तुम्हाला ओळखतच नसतो.

दर कमी करून घ्यायचा असेल तर एक सुचवतो. पितृपक्षात अनेक घरे नवी खरेदी टाळतात. तुमच्या घरी त्याची अडचण नसेल, तर आजच विसार देऊन उचल पितृपक्षात करतो असे दुकानदाराला सांगून पाहावे. मंदीच्या दिवसांत माल हलत असल्यास तो दोन-तीन रुपये सोडण्याची शक्यता असते.

काका

---

उत्तर: ठाण्यातील घरासाठी लादी

काका आणि नेरूळच्या ताई, दोघांचे मनापासून आभार. भावाशी आणि बाबांशी बोलणे झाले. स्लॅबला स्वयंपाकघराच्या बाजूने जुनी गळती आहे, त्यामुळे घरात साठवण करण्याचा विचार आम्ही सोडला आहे. शनिवारी भाऊ पुण्याहून येऊन बाबांसोबत भिवंडीच्या गोदामात जाईल आणि एकाच बॅचच्या किमान ४७ पेट्या प्रत्यक्ष दिसल्या, तरच विसार देईल. लागलेच तर पुढे दुरुस्तीसाठी म्हणून आणखी दोन पेट्या घेऊ. माल दिसला नाही तर दुकानदाराचा ८२ चा दर आम्हाला मान्य नाही, हे त्याला आजच फोनवर स्पष्ट सांगितले आहे.

बाल्कनीची लादी मात्र मोरबीहून मागवत आहोत. ती वेगळ्या डिझाइनची असून तिच्यावाचून घरातले कोणतेच काम अडत नाही, त्यामुळे ती दिवाळीनंतर बसली तरी चालेल. बिल थेट विक्रेत्याकडून बाबांच्या नावाने यावे, असे कंत्राटदाराला कळवले आहे.

एक सभासद, म्युनिक