शब्दचर्चा: ‘नकाशा काढणे’ म्हणजे नेमकं काय करणे?

प्रश्न (सातारा, भूगोल शिकवते)

सातवीच्या वर्गाला घरचा अभ्यास दिला होता, “आपल्या गावचा नकाशा काढून आणा.” चार दिवसांनी वह्या टेबलावर आल्या. देऊळ, शाळा, ओढा, एसटीचा थांबा आणि कोपऱ्यात उत्तरेचा बाण. एका मुलीनं मात्र वही आणलीच नव्हती. तिनं दप्तरातून घडी घातलेला मोठा कागद काढला आणि बाकावर उलगडला. गावचा खराखुरा नकाशा, गट नंबरांसकट, खाली कचेरीचा शिक्का. तिचे आजोबा तालुक्याला जाऊन, फी भरून तो ‘काढून’ घेऊन आले होते.

वर्ग हसला आणि तिचे डोळे भरून आले. चूक तिची नव्हती, माझ्या वाक्याची होती. आपण चित्र काढतो, रांगोळी काढतो, तसाच सातबारा काढतो, दाखला काढतो, नक्कल काढतो. ज्या घरात दर वर्षी पीककर्जासाठी उतारे काढावे लागतात, तिथं नकाशा काढायचा म्हणजे कचेरीतूनच काढायचा. तिनं माझं वाक्य जसंच्या तसं पाळलं होतं.

तेव्हापासून दोन गोष्टी डोक्यात आहेत. या कृतीला नेमकं क्रियापद कोणतं वापरावं? आखणे, रेखाटणे, उतरवणे, की आणखी काही? आणि नकाशे तयार करण्याची कला आणि त्यामागचं शास्त्र या दोन्हींना मिळून आपण काय म्हणतो? पुस्तकात ‘मानचित्रकला’ सापडतं. त्यातला ‘मान’ म्हणजे माप, हे मला सांगावं लागतं, कारण आमच्या मुलांना मान म्हटलं की आधी गळ्यावरची आठवते आणि मग पाटलाचा मान.

उत्तर (सांगली, भाषेचा विद्यार्थी)

क्रियापदाचं जाणकार सांगतील. नामाबद्दल थोडं.

‘नकाशा’ हा अरबी ‘नक्श’वरून फारसीमार्गे आलेला. मूळ अर्थ खूण, ठसा, कोरून उठवलेलं चित्र. ‘नक्षी’ त्याच घरातली. नक्षत्राशी मात्र दोघांचं काही नातं नाही, ते संस्कृत. याच मुळातून आलेला ‘नक्षा’ मराठीत वेगळ्याच वाटेनं गेला. “त्याचा नक्षा उतरवला” म्हणताना तोरा आणि ऐट अभिप्रेत असते, कागद नाही.

‘आराखडा’ यात मिसळू नये असं मला वाटतं. जे आहे त्याचा नकाशा, जे व्हायचंय त्याचा आराखडा. शहराचा नकाशा वेगळा आणि विकास आराखडा वेगळा, हा फरक बोलताना कुणी चुकत नाही.

उत्तर (तासगाव, निवृत्त भूकरमापक)

बाई, नमस्कार. त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या.

आमच्या खात्यात मोजणी आणि नकाशा ही कामं वेगळी धरतात. मोजणी बांधावर होते, नकाशा टेबलावर. मोजणी करणारा तो मोजणीदार किंवा भूकरमापक आणि कागदावर उतरवणारा तो आरेखक. काढलेल्या नकाशावर पातळ कागद ठेवून जसाच्या तसा गिरवणारा तो अनुरेखक. तेव्हा आरेखन, अनुरेखन हे शब्द आयते आहेत, फक्त कचेरीबाहेर पडले नाहीत. गावात आम्ही पोचलो की लोक म्हणत, “मोजणी आलीया.” साहेब आले असं क्वचितच, मोजणीच यायची. कुणी बांध कोरला की शेजारी “मोजणी टाकतो” म्हणायचा आणि अर्जात लिहायचा ‘हद्द कायम’. या दोन शब्दांत भांडण मिटायची आशा असायची, हे मी फार जवळून पाहिलंय. मोजणी झाल्यावर हातात पडणारी ‘क प्रत’, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, म्हातारी माणसं कपाळाला लावायची.

आता जुन्या दप्तरातले शब्द बघा, कारण बाहेर त्यांचे अर्थ निराळे आहेत. ‘टिपण’ म्हणजे तुम्हाला वहीतली नोंद. आमच्याकडे टिपण म्हणजे एका सर्व्हे नंबरची हातानं काढलेली आकृती. ती प्रमाणात नसते, पण प्रत्येक बाजूवर मापाचा आकडा असतो आणि सगळं वजन त्या आकड्यांना. ‘फाळणी’ म्हटलं की तुमच्या इतिहासात १९४७ येतं, आमच्यात एका नंबरचे हिस्से कसे पडले त्याचा कागद येतो. क्रियापद एकच, फाळणे. ‘गुणाकार’ हे एक बुक आहे. शेताचे त्रिकोण आणि चौकोन पाडून त्यांच्या क्षेत्रफळाची आकडेमोड त्यात केलेली असते. आणि ‘आकार’ म्हणजे जमिनीचा सारा. सातबाऱ्यावरचा आकार बघून “माझ्या शेताचा आकार तर असा नाही” म्हणून तक्रार घेऊन आलेला एक शिकलेला तरुण मला आठवतो. त्याला मी चहा पाजून समजावलं.

मापं कशी शब्दांत मुरतात ते सांगतो. आमची जुनी साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, तोच गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर, आणि गुंठ्याचे पुन्हा १६ आणे. मेट्रिक आल्यावर उताऱ्यावर हेक्टर-आर आले. एक आर १०० चौरस मीटरचा आणि गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटरचा. इतके जवळ की लोकांनी आरालाच गुंठा म्हणायला सुरुवात केली. बोलण्यात चालतं. पण ४० आर म्हणजे एकर धरून व्यवहार केला तर साधारण ४७ चौरस मीटर हातचे जातात, म्हणजे पाचशे फुटांच्या घराची जागा. या एका शब्दाच्या घोळापायी सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेले पाहिलेत.

साखळीच्याही आधी काठी होती. शिवकाळातली काठी पाच हात पाच मुठींची. २० चौरस काठ्यांचं एक पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चावर. हात आणि मूठ, म्हणजे माणसाचं अंगच माप होतं.

शास्त्र विचाराल तर ते लहान शेतात आणि अख्ख्या देशात एकच. आधी एक रेषा जीव ओतून मोजायची, बाकीचं तिच्यावर उभं करायचं. शंकू-साखळीच्या मोजणीत शेतातून एक मुख्य रेषा धरायची, काटकोन साधायला शंकू नावाचं अवजार लावायचं आणि दोन्ही बाजूंना बांधापर्यंत लंब टाकायचे. देशाच्या मोठ्या मोजणीला सुरुवात करणारे इंग्रज अधिकारी विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजली ती जेमतेम साडेसात मैलांची, आणि तिला ५७ दिवस लागले. त्या रेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचत मोजणी उत्तरेकडे सरकली. लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले, काम पुढं चालू राहिलं. ‘पायारेषा’ हा शब्द मला फार आवडतो. घराला पाया तसा नकाशाला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: नकाशाकाम. बांधकाम, विणकाम, नक्षीकाम आहे, तसं नकाशाकाम. हात आणि डोकं दोन्ही त्यात आलं. शास्त्र तेवढंच म्हणायचं असेल तेव्हा नकाशाशास्त्र आहेच.

उत्तर (दहिवडी, माण)

शाळेतला ‘समोच्च रेषा’ हा शब्द मला दहावी होईपर्यंत कळला नव्हता. परीक्षेत लिहीत होतो. मग गावात पाणलोटाचं काम निघालं आणि आम्ही पोरं ए-फ्रेम घेऊन डोंगरावर गेलो. लाकडाचा तो त्रिकोण, मध्ये दोरीला बांधलेला दगड. दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीवर. तिथं फक्कीची खूण करायची, एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवायचा, पुन्हा खूण. तासाभरात डोंगराच्या अंगावर पांढरी वळणदार रेघ उमटली. तिच्यावर खणले ते ‘सलग समतल चर’. ती रेघ म्हणजेच समोच्च रेषा, हे त्या दिवशी उन्हात कळलं.

माण-खटावात ‘समतल’ हा शब्द बायाबापड्यांच्या तोंडी आहे. पुस्तकानं ‘समतल रेषा’ म्हटलं असतं तर आमच्यातली निम्मी पोरं भूगोलाला घाबरली नसती.

उत्तर (प्रश्नकर्ती, सातारा)

काका, ‘नकाशाकाम’ मी घेतला. मनापासून आभार. टिपणाचा अर्थ उद्याच वर्गात सांगते, कारण माझ्या चाळीस वह्यांत जे होतं ती खरं तर टिपणंच होती, फक्त आकड्यांवाचून.

दहिवडीच्या दादांचं पटलं. ‘समोच्च’ परीक्षेसाठी ठेवावाच लागेल, पण शिकवताना समतलपासून सुरुवात करीन. अजिंक्यताऱ्याच्या बाजूचा स्थलनिर्देशक नकाशा मुलांना दाखवते तेव्हा या रेषा आधी दाटीवाटीनं येतात, मग अंतर सोडतात, पुन्हा दाटतात. आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांचे, म्हणून कडा, माची, पुन्हा कडा. रेषा उताराच्या दिशेनं पुढं आली की ती सोंड, आणि टोक करून वर चढाकडे शिरली की ओढा किंवा घळ. सोंड, घळ, खिंड, माची हे शब्द मुलं घरूनच घेऊन येतात, मला फक्त रेषेवर बोट ठेवावं लागतं.

आणखी एक शब्द मला रोज अडवतो, ‘प्रमाण’. पुस्तक म्हणतं, मोठ्या प्रमाणाचा नकाशा लहान प्रदेश दाखवतो. मुलांच्या कानात ‘मोठ्या प्रमाणावर पाऊस’ बसलेला, त्यामुळं मोठं प्रमाण म्हणजे खूप प्रदेश असं ती धरतात. १:१०,००० हे १:५०,००० पेक्षा मोठं, हे अपूर्णांक मांडून दाखवलं तरी डोळ्यांत शंका राहते. जुन्या नकाशांवरचं ‘एक इंचाला एक मैल’ त्यांना चटकन समजतं, कारण ‘दहा रुपयाला चार’ हे बाजारातलं वाक्य त्याच घडणीचं. अंकांत तेच १:६३,३६० होतं आणि मुलं गळाठतात. म्हणून मी आता “सेंटिमीटरला किती?” एवढंच विचारते. सेंटिमीटरला शंभर मीटर, की सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर? ज्याच्यात घर दिसेल तो मोठ्या प्रमाणाचा.

क्रियापदाचं म्हणाल तर वहीत करायचं असेल तेव्हा ‘रेखाटा’ म्हणेन आणि कचेरीतून आणायचा असेल तेव्हा ‘काढा’.

त्या मुलीचा नकाशा आता वर्गात भिंतीवर आहे. काल तिनंच सगळ्यांना समजावलं, आजोबांकडून शिकून आलेली. तुटक रेघ एकेरी असली की पाऊलवाट, दुहेरी असली की गाडीवाट. शाळेमागून शिवेपर्यंत गेलेल्या एका दुहेरी तुटक रेघेवर तिनं बोट फिरवलं आणि म्हणाली, “बाई, ही पाणंद. आता तिथं ऊस आहे.”