पॉलीहाऊसमधली काकडी: खालच्या पानांवर डाग, वर शेंडा पिवळा. दुखणं एक की दोन?

नमस्कार मंडळी,

आमचं अंबड तालुक्यात (जि. जालना) १० गुंठ्यांचं पॉलीहाऊस आहे. सध्या सीडलेस काकडी आहे. वेल सुतळीवरून तारेला टेकलेत, तोडा दिवसाआड चालू आहे, माल संभाजीनगरला जाधववाडीत जातो. ऐन तोड्यात पानांनी घोर लावलाय. जरा सविस्तर लिहिते, कारण ‘पानं पिवळी पडली’ एवढंच सांगितलं की जो तो आपल्या पिशवीतलं औषध काढून देतो.

आधी खालची पानं. वरच्या बाजूने फिकट पिवळे डाग आहेत, पण गोल नाहीत. शिरेपाशी आले की तिथेच थांबतात, त्यामुळे प्रत्येक डाग पट्टी ठेवून आखल्यासारखा कोनाकोनाचा दिसतो. जुने डाग मधून तपकिरी होऊन वाळतात आणि पान कडेने वर वळतं. सगळ्यात जास्त त्रास छताच्या गटाराखालच्या ओळींना आहे. पावसामुळे रात्री साईडचे पडदे खाली असतात, पहाटे छताच्या प्लॅस्टिक कागदाला आतून पाणी सुटतं आणि तिथेच थेंब पडतात.

आता शेंडा. वरची कोवळी पानं पिवळट पांढरी पडलीत, पण शिरा हिरव्यागार. जाळी काढल्यासारखं स्पष्ट दिसतं. डाग नाही, चुरडा नाही, पान वाकडंही नाही. आणि हे गटाराखाली नाही, तर चढावरून पाणी येऊन जिथे बेड कायम ओले राहतात त्या कोपऱ्यात जास्त आहे. म्हणजे दोन्ही त्रासांच्या जागा वेगळ्या आहेत. त्यामुळेच मला शंका येते की ही दोन वेगळी दुखणी असावीत.

पाणी बोअरचं, जड. ठिबकच्या ड्रीपरवर पांढरा थर बसतो. जमीन मध्यम काळी, खाली चुनखडी. खतं विद्राव्य (आकडे नत्र:स्फुरद:पालाशचे): आधी १२:६१:०० बऱ्यापैकी गेलं, आता १३:००:४५ आणि कॅल्शियम नायट्रेट आलटून पालटून.

कृषी सेवा केंद्रात पान दाखवलं तर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, एक कीटकनाशक, सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि टॉनिक, सगळं एकाच टाकीत मारायला सांगितलं. मी अजून काहीच मारलेलं नाही. काकडी लोक कच्ची खातात, सालासकट खातात, लहान पोरं हातात घेऊन खातात. आज फवारलं तर परवा तोडा आहे. काय झालंय ते कळल्याशिवाय पंप पाठीवर घ्यायला मन तयार नाही. जाणकारांनी सांगावं, ओळखायचं कसं?

प्रतिसाद (लातूर)

ताई, वर्णन इतकं नेमकं आहे की फोटोची गरज कमीच. खालच्या पानांवर मला केवडा रोग वाटतो, म्हणजे डाऊनी मिल्ड्यू. पण खात्री करून घ्या. उद्या ऊन चढायच्या आत डाग असलेलं पान उलटं करून बघा. डागाच्या मागे करडी-जांभळट लव दिसली तर केवडाच. दिसली नाही तर पान ओल्या कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर घरात ठेवा, सकाळी लव येते. भुरी (पावडरी मिल्ड्यू) असती तर पांढरी पावडर वरच्या बाजूलाच दिसली असती आणि बोटाने पुसली गेली असती.

एक लक्षात घ्या, केवड्याचा जीव खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. कार्बेन्डाझिमने त्याला काही होत नाही. पैसे जातात आणि तेवढ्यात रोग पुढच्या ओळीत जातो.

आणखी दोन गोष्टी तपासा. पांढऱ्या कागदावर पान झटका, हलणारे बारीक ठिपके दिसले तर कोळी (माइट) कीड. आणि शेंडा पिवळा असलेला एक वेल मुळासकट उपटून धुवा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत), मग चर्चा वेगळीच होईल.

प्रतिसाद (परभणी)

शेंड्याबद्दल माझं मत: लोहाची कमतरता, पण जमिनीत लोह नाही म्हणून नव्हे. चुनखडीची जमीन, बायकार्बोनेटचं पाणी आणि त्यात वाफसा (मुळांना हवा मिळेल इतपतच ओल) नाही. अशा वेळी लोह जमिनीत असूनही मुळाला उचलता येत नाही. वरून १२:६१ मधला स्फुरद जास्त गेला की अजून अडतं. मॅग्नेशियम कमी असतं तर हेच जाळीदार पिवळेपण खालच्या जुन्या पानांवर आधी आलं असतं. लोह वेलीत जुन्या पानांकडून नव्याकडे सरकत नाही, म्हणून ते शेंड्यालाच दिसतं. व्हायरस असता तर पान वेडंवाकडं, गडद-फिकट चट्ट्यांचं झालं असतं.

घरच्या घरी खात्री करता येते. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडं लिंबू पिळा. संध्याकाळी एका पिवळ्या पानाच्या फक्त अर्ध्या भागाला ब्रशने लावा. उन्हात लावू नका, पान करपेल. काही दिवसांत लावलेला भाग हिरवा झाला आणि उरलेला पिवळाच राहिला तर मग वाद नाही.

धागाकर्ती

दादा, दोघांनी सांगितलं तसं सगळं करून पाहिलं. शेतात सकाळी लव अगदी पुसट होती, पण पिशवीतल्या पानामागे करडी लव इतकी दाट आली की सासूबाईंनाही चष्म्याशिवाय दिसली. कागदावर कोळी नाही. मुळं धुतली, गाठी नाहीत, पण ओल्या कोपऱ्यातली मुळं तपकिरी आणि कमी. आणि ब्रश लावलेलं पान मधल्या शिरेच्या एका अंगाने हिरवं झालंय, दुसरं अंग अजून पिवळं! आज ते पान हातात घेऊन मी आणि मिस्टर दोघंही बघत राहिलो.

म्हणजे दुखणी दोनच. आता आधी काय करू? आणि पाण्यात अ‍ॅसिड सोडतात म्हणे, ते किती?

प्रतिसाद (लातूर)

आधी केवडा, तो थांबत नाही. दुपारी पानं कोरडी असताना तोडलेल्या फळांच्या खालची सगळी जुनी पानं काढा, पोत्यात भरून बाहेर न्या, दाराशी टाकू नका. पाऊस नसेल तेव्हा पहाटेच पडदे उघडा, ऊन लागायच्या आत ओलसर हवा निघून गेली पाहिजे. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नको. औषध घेताना लेबलवर ‘काकडी’ आणि ‘डाऊनी’ दोन्ही छापलेलं असेल तेच घ्या. फवारणी आणि तोडा यात किती दिवस सोडायचे तेही तिथेच असतं. तोडा दिवसाआड असल्यामुळे तुमच्यासाठी तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तो बसत नसेल तर दुसरं औषध मागा. दर वेळी तेच औषध मारू नका, रोग त्याला सरावतो. गंधक मात्र अजिबात नको. केवड्यावर ते चालत नाही आणि गरम पॉलीहाऊसमध्ये काकडीची पानं भाजतात.

प्रतिसाद (परभणी)

ओल्या कोपऱ्याचं पाणी चर काढून बाहेर वळवा, वाफसा येऊ द्या. तेवढ्यानेच नवीन पान सुधारायला लागतं. ठिबकमधून लोह द्यायचं तर ईडीडीएचए चिलेट (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं खत) घ्या. ईडीटीएवालं तुमच्या सामूत (पीएचमध्ये) टिकणार नाही, ते फवारणीपुरतं. शेततळं असेल तर या हंगामात तेच पाणी वापरा, पावसाचं पाणी बोअरपेक्षा कितीतरी हलकं असतं.

अ‍ॅसिडचं प्रमाण कुणाचं ऐकून टाकू नका, माझंही नाही. प्रत्येक बोअरचं पाणी वेगळं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात पाण्याचा नमुना द्या, सामू, ईसी (क्षारांचं माप) आणि बायकार्बोनेट तिन्ही मागा. मग १० लिटर पाणी बादलीत घेऊन, हातमोजे आणि चष्मा घालून, सिरिंजने थोडं थोडं अ‍ॅसिड पाण्यात सोडा. अ‍ॅसिडवर पाणी कधीच ओतायचं नाही. सामू ६ ते ६.५ वर आला की थांबा आणि त्यावरून टाकीचा हिशोब काढा. पहिल्यांदा सोडाल तेव्हा शेवटच्या लॅटरलच्या (ठिबकच्या नळीच्या) शेवटच्या ड्रीपरखाली वाटी ठेवा आणि त्या पाण्याला सामूची पट्टी लावून बघा.