मदत हवी आहे : छायाबाहुल्यांच्या खेळात कांचनमृग दूर पळताना लहान कसा दाखवायचा?

पंचवटीतला मारीचाचा प्रसंग छायाबाहुल्यांतून बसवतोय, तिथे गाडी अडली आहे. पडदा मांजरपाटाचा, ६ बाय ४ फूट. दिवा पडद्यामागे १५० सेंमीवर. हरीण जाड (३०० जीएसएम) कार्डशीटचं, ठिपके कापून त्यांना पिवळा जिलेटीन कागद लावलाय.

पडद्याला टेकवलं की ठिपके सुंदर झळाळतात. पण पळताना मागे ओढलं की उलटंच होतं. ७५ सेंमीवर सावली दुप्पट मोठी होते आणि एलईडीची चकती २ सेंमी रुंद असल्यामुळे कडाही तेवढीच फिसकटते. ठिपके तर पुसूनच जातात. बारीक चिपचा, भिंग काढलेला टॉर्च लावला तर कडा स्वच्छ येते, पण उजेड कमी पडून सोनेरी रंग मातकट दिसतो.

दुसरा मार्ग म्हणजे ३०, १८ आणि ९ सेंमीची तीन हरणं पडद्यालगतच ठेवून झाडाआड बदलायची. त्यात बदलताना लय तुटते. शिवाय मागे धावणारा राम एकाच मापाचा, तोही लहान करावा का?

लक्ष्मण ही माया आहे म्हणून बजावतो, तरी सीतेच्या हौसेखातर राम निघतो. म्हणून हरीण बघणाऱ्यालाही हवंहवंसं वाटलंच पाहिजे, त्यात तडजोड नको.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या पारंपरिक चामड्याच्या छायाबाहुल्यांत रंग कातड्यातूनच झिरपतो. तसा परिणाम तेल लावलेल्या जाड ट्रेसिंग पेपरने येईल का? काडी कुठे बांधली तर तो दुमडणार नाही?