मदत हवी आहे: 'उत्क्रांती ही नुसती थिअरीच आहे ना?' याला काय उत्तर देऊ?

मी दहावीला विज्ञान शिकवते, उत्क्रांतीचा धडा आला की दरवर्षी कोणीतरी हमखास विचारतंच, मॅडम ही थिअरीच आहे ना, सिद्ध कुठे झालीय? मी सांगते की विज्ञानात थिअरी म्हणजे अंदाज नव्हे, गुरुत्वाकर्षणाचीही थिअरीच असते, पण बोलण्यात आपण 'माझी एक थिअरी आहे' म्हणतो ना तोच अर्थ मुलांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो.

दुसरा प्रश्न ठरलेला, माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून कशी? इथे मी फांद्यांचं झाड काढते, चिंपांझी आणि आपण एकाच पूर्वजाचे वंशज, चिंपांझी आपला आजोबा नाही तर चुलत भाऊ, हे बऱ्यापैकी पटतं. चिंपांझीच्या गुणसूत्रांच्या 24 जोड्या, आपल्या 23, कारण दोन गुणसूत्रं जोडली जाऊन आपलं दुसऱ्या नंबरचं झालं, हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो.

पण नैसर्गिक निवड वर्गात करून कशी दाखवायची? अँटिबायोटिकला न जुमानणारे जिवाणू हे उदाहरण मी देते पण ते डोळ्याला दिसत नाही. 30-35 मिनिटांत होईल असा खेळ किंवा प्रयोग कोणी घेतलाय का? आणि घरच्या श्रद्धेला धक्का लागला असं वाटणाऱ्या मुलाशी तुम्ही कसं बोलता? त्याला दुखवायचं नाहीये, पण धडा गाळायचाही नाहीये.