झेपलिनच्या कपाटातलं अजून काय काय यायचंय? आपापले अनुभव लिहा

गेल्या रविवारी आईची लोखंडी ट्रंक आवरत होतो तर तळाशी एक टीडीके नव्वदची कॅसेट निघाली. बी साइडला माझ्याच कॉलेजच्या वेळच्या अक्षरात लिहिलंय, ‘झेप, बॉम्बे??’ दोन प्रश्नचिन्हांसकट. १९९६ साली हॉस्टेलवरच्या एका सीनियरने भरून दिली होती, कॉपीची कॉपी आणि तिची परत कॉपी, गाणं कमी आणि खरखर जास्त, पण त्या खरखरीतून तबला आणि व्हायोलिनचा ताफा आणि त्यावर रॉबर्ट प्लांटचा आवाज आला तेव्हा मी रूममेटला गदागदा हलवून उठवलं होतं. तो म्हणाला, हे लेड झेपलिन नाहीच, कुणीतरी तुला गंडवलंय. म्हणून ती प्रश्नचिन्हं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेड झेपलिन म्हणजे सत्तरच्या दशकात गाजलेला इंग्लंडचा रॉक बँड, आणि त्यांचं जे रेकॉर्ड होऊनही बाहेर आलेलं नाही ते ‘कपाटातलं’. १९७२ साली ऑस्ट्रेलियाचा दौरा आटपून गिटारवाला जिमी पेज आणि गायक प्लांट मुंबईत उतरले आणि आपल्या इथल्या वादकांना घेऊन दोन गाणी नव्याने रेकॉर्ड केली, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’. ड्रम्सवाला जॉन बॉनम नाही, बेस आणि पियानोवाला जॉन पॉल जोन्स नाही, हे दोघंच. ती टेप तशीच पडून राहिली. चोरटी कॉपी हातोहात फिरत होती, पण ऑफिशियली ती आली ३१ जुलै २०१५ला, ‘कोडा’ अल्बमच्या नव्या आवृत्तीत. त्रेचाळीस वर्षं! रेकॉर्डिंग झालं तेव्हा माझा जन्मही नव्हता आणि ते आलं तेव्हा माझी मुलगी चौथीत होती.

तर सांगा, तुम्ही कशाची वाट बघितलीत, कशाची अजून बघताय आणि जे आलं ते ऐकून मन भरलं का. लिंका नकोत, अनुभव हवेत. दुसऱ्या कुठल्या बँडचं असेल तरी चालेल पण मला झेपलिनचंच ऐकायला आवडेल हे आधीच सांगून ठेवतो.

*

माझं वय आता त्र्याहत्तर. १९७२ला मी फोर्टमध्ये एका ऑफिसात उमेदवारी करत होतो आणि संध्याकाळी कॉलेज. कुलाब्यात स्लिप डिस्क म्हणून डिस्को होता, आमच्या खिशाला परवडायचा नाही पण एक पारशी मित्र होता तो घेऊन जायचा. एका संध्याकाळी तो म्हणाला, आज चल, तिथे कोण आलंय बघ. मी म्हटलं मला शेवटची डोंबिवली चुकवून चालणार नाही, घरी वडील जागे असतात. दुसऱ्या दिवशी तो भेटला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. पेज आणि प्लांट त्या डिस्कोत, तिथल्याच पोरांचं सामान घेऊन, तिथल्याच पोरांबरोबर वाजवून गेले होते.

त्या रात्रीचं काहीही ऑफिशियली आलेलं नाही. लोक बोलतात त्यांनी अमुक दिलं नाही, तमुक दाबून ठेवलं. मला तेवढी एक रात्र हवी आहे, कितीही वाईट आवाजात, टेबलाखाली ठेवलेल्या टेपरेकॉर्डरवर घेतलेली असली तरी. मित्र २०११ला गेला. शेवटपर्यंत तो मला ती सुरुवात तोंडाने वाजवून दाखवायचा.

(डोंबिवली पूर्व)

*

काका, वाचून अंगावर काटा आला.

माझं दुखणं व्हिडिओचं आहे. १९८९ला पुण्यात एका मित्राच्या घरी व्हीएचएसवर ‘द साँग रिमेन्स द सेम’ पाहिला, १९७३च्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या शोचा पिक्चर. तो थिएटरात यायलाच १९७६ उजाडलं कारण शूटिंगमध्ये मधले मधले तुकडे राहून गेलेले, मग शेपर्टन स्टुडिओत तसंच स्टेज लावून परत वाजवल्याचं शूट केलं, आणि जोन्सने तोवर केस कापलेले म्हणून त्याला विग घालावा लागला. हे कळल्यावर मी परत परत टेप थांबवून विग शोधायचो. पण शोधताना एक लक्षात आलं की मला खरं, सलग, एका रात्रीचं बघायचंय. कात्री न लावलेलं.

तसं ते कपाटात आहे! मे १९७५, लंडनचं अर्ल्स कोर्ट, पाच रात्री, एकेक कार्यक्रम तीन तासांच्या वर, आणि वर मोठा पडदा लावलेला म्हणजे कॅमेरे चालूच. त्यातलं २००३ला झेपलिनची डीव्हीडी निघाली तिच्यावर आलं किती, तर मोजून सहा गाणी. पाच तासांची ती डीव्हीडी मी महिन्याच्या पगारातून घेतली होती आणि पहिल्यांदा पाहिली तेव्हा रडलो होतो हे लपवत नाही, ‘दॅट्स द वे’ला तिघं खुर्च्यांवर बसून वाजवतात आणि पेजचा चेहरा इतका शांत की आपण घरात मागच्या खोलीत बसून ऐकतोय असं वाटावं. पण ‘नो क्वार्टर’ कुठाय? ‘डेज्ड अँड कन्फ्यूज्ड’ कुठाय? जोन्सचा पियानो त्या काळात वीस वीस मिनिटं चालायचा, त्यातलं डीव्हीडीवर एक मिनिट नाही.

मग सप्टेंबर २०२५ला ‘फिझिकल ग्राफिटी’ अल्बमच्या पन्नास वर्षांनिमित्त चार लाइव्ह गाण्यांची रेकॉर्ड येणार म्हणून बातमी आली, दोन अर्ल्स कोर्टची, दोन १९७९च्या नेबवर्थच्या कार्यक्रमाची. मी यादी वाचली आणि मोबाइल बाजूला ठेवला. चारही गाणी त्या डीव्हीडीवर बावीस वर्षांपूर्वीच आलेली आहेत. आवाज रेकॉर्डवर पहिल्यांदाच आला हे मान्य, मी विकतही घेतली, वाजवतोही. पण पन्नास वर्षांनी भुकेल्या माणसाला तेच ताट परत वाढू नका हो.

(पुणे, सहकारनगर)

*

मी जुन्या टेपा डिजिटल करून द्यायचं काम करतो, लोकांच्या लग्नाच्या, आजोबांच्या कीर्तनाच्या, गणेशोत्सवातल्या नाटकांच्या. म्हणून एक वेगळं सांगतो.

टेप म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडची भुकटी आणि ती भुकटी चिकटवून ठेवणारा गोंद. सत्तर आणि ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच स्टुडिओ टेपांचा गोंदच वाईट निघाला, हवेतला ओलावा पितो आणि चिघळतो. अशी टेप मशीनवर लावली की चर्रर्र आवाज करत थांबत थांबत जाते आणि हेडवर तपकिरी लगदा साचतो, तो लगदा म्हणजेच गाणं. एकदा निघालं की गेलं. त्यावर उपाय म्हणजे टेप भाजायची, पन्नास-पंचावन्न डिग्रीला मंद, तासन् तास, मग ती थोडे दिवस चालण्यासारखी होते तेवढ्यात उतरवून घ्यायची. झेपलिनच्या त्या २००३च्या डीव्हीडीसाठी जुन्या व्हिडिओ टेपा अशाच भाजाव्या लागल्या होत्या.

आपल्याकडे कोकणपट्टीत तर कॅसेटला बुरशी येते, पांढरे ठिपके, रिळाच्या कडेने गोल फिरत गेलेले. मागच्या पावसाळ्यात एका बाईंनी वडिलांच्या आवाजाची कॅसेट आणली. मी कापसाच्या बोळ्याने हात हात पट्टी पुसत बसलो, चार दिवस गेले, आणि एकूण अकरा मिनिटं वाचली.

म्हणून कुणी म्हणालं ‘येईल सावकाश, कपाटात सुरक्षित आहे’ की माझ्या पोटात गोळा येतो. कपाटात टेप सुरक्षित नसते. पेज आता ऐंशीच्या पुढे आहे आणि कुठल्या रिळावर काय आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

ट्रंकवाल्या दादांनी ती कॅसेट कृपा करून घरच्या टेपरेकॉर्डरवर लावू नये. आधी उघडून बघा पांढरं काही दिसतंय का.

(ठाणे)

*

मी थोडं विरुद्ध बोलणार आहे. २०१४-१५ला सगळे अल्बम जास्तीच्या एकेका सीडीसकट आले तेव्हा मी उधारी करून एकेक घेतले. त्यातलं बरंचसं म्हणजे तयार गाण्याचंच कच्चं मिक्स, कुठे गिटार खाली, कुठे आवाज वर. तीनदा ऐकून परत मूळ अल्बमकडे गेलो. ‘सेंट ट्रिस्टन्स सोर्ड’ किंवा ‘की टू द हायवे’ यासारखं खरंच न ऐकलेलं फार थोडं. मला वाटतं स्टुडिओतलं जे उत्तम होतं ते त्यांनी तेव्हाच दिलं. माणसाने आपलं अर्धवट काम दाखवू नये असं वाटलं तर तो त्याचा हक्क आहे, एखाद्या गायकाचा घरचा रियाज आपण दारामागून ऐकावा का?

पण लाइव्हचं वेगळं, तिथे ते रोज रात्री नवीन घडवत होते. सप्टेंबर १९७१ला हिरोशिमात अणुबाँबमध्ये होरपळलेल्या लोकांसाठी त्यांनी कार्यक्रम केला होता. त्या जपान दौऱ्यातल्या ज्या कॉप्या फिरतात त्या ऐकल्या की माझं वरचं सगळं म्हणणं मलाच पटेनासं होतं.

(सांगली)

*

न्यू जर्सीहून लिहितेय. फेब्रुवारी २०२५ला ‘बिकमिंग लेड झेपलिन’ हा त्यांच्यावरचा माहितीपट आयमॅक्सला लागला, बाहेर उणे सहा, आणि नवरा म्हणाला तू एकटीच जा. हा पिक्चर २०२१ला व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला होता आणि मग साडेतीन वर्षं सामसूम. मी तोवर आशा सोडली होती.

त्यात बॉनमचा आवाज आहे. गाण्यातला नाही, बोलण्यातला. त्याने मुलाखती जवळपास दिल्याच नाहीत आणि १९८०च्या सप्टेंबरात बत्तिसाव्या वर्षी तो गेला, त्यामुळे आमच्यासारख्यांना त्याचे ड्रम्स पाठ पण माणूस बोलतो कसा हेच माहीत नाही. पिक्चरवाल्यांनी ऑस्ट्रेलियातल्या संग्रहातून जुनी मुलाखत शोधून काढली, आणि बाकीचे तिघं म्हातारे होऊन खुर्चीत बसून ती ऐकतात, आणि कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर. प्लांटचे डोळे बघा त्या वेळी. मित्राचा आवाज इतक्या वर्षांनी कानावर पडतोय. माझा भाऊ कोविडमध्ये गेला, त्याचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज मी अजून ऐकू शकलेले नाही, त्या दिवशी थिएटरच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून पहिला ऐकला.

आणि एक, माइक मिलार्डचं नाव कुणी घेतलं नाही अजून! लॉस एंजेलिसचा हा पठ्ठ्या व्हीलचेअरमध्ये बसून आत जायचा, टेपरेकॉर्डर खाली लपवलेला. २१ जून १९७७चा शो त्याने असा घेतलाय की कपाटातल्या टेपा येवोत न येवोत, ती रात्र तरी आपल्याजवळ आहे. आपलं बरंच प्रेम अशा माणसांच्या उपकारावर चाललंय.

*

तबला शिकतोय म्हणून दोन ओळी. ‘फोर स्टिक्स’ म्हणजे बॉनमने दोन्ही हातांत दोन दोन काठ्या धरून वाजवलेलं, आणि त्यात पाच मात्रांचा हिशेब मधेच सहावर जातो. मी मुंबईची टेप ऐकताना टाळी देत बसतो, पाच-पाचचे जोड केले तर झपतालाच्या जवळपासचं काहीतरी हाताखाली येतं आणि तेवढ्यात गाणं सहावर उडी मारतं. समोर तबला घेऊन बसलेल्या त्या माणसाने हे किती वेळात पकडलं असेल? पेज-प्लांटने हीच दोन गाणी १९९४ला इजिप्तच्या वादकांना घेऊन परत केली म्हणजे मुंबईची गोष्ट त्यांच्याही डोक्यातून गेली नव्हती.

(पणजी)

*

वरचे वाचून धीर आला म्हणून लिहितेय, नाहीतर मी नुसतीच वाचते.

माहीमला आमच्या वरच्या मजल्यावर एक गोव्याचे अंकल राहायचे. मुंबईच्या सिनेमाच्या स्टुडिओंमध्ये व्हायोलिन वाजवायचे. मला सहाव्या वर्षापासून त्यांनी शिकवलं, फी म्हणून आईकडून दर रविवारी सोलकढी. पन्नास-साठ वर्षं या लोकांनी सगळ्या देशाला गाणी वाजवून दिली आणि कुठल्याच कव्हरवर नाव नाही. अंकल सकाळी फोन आला की निघायचे, कुणाचं गाणं, कुठला पिक्चर, विचारलं तर म्हणायचे, “बाय, नोटेशन समोर येतं, वाजवायचं, पाकीट घ्यायचं.” १९९८ला ते गेले.

२०१५ला ती टेप आली तेव्हा मी कव्हर बघितलं. तिथेही ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’, बास. ‘फ्रेंड्स’मध्ये व्हायोलिन एकदम वर चढतात त्या जागी मी थांबते. अंकल त्या दिवशी तिथे होते का, मला कोण सांगणार? त्यांनी कधी उल्लेख केला नाही, पण ते कशाचाच करायचे नाहीत. त्यांची एक सवय होती, वाजवायला सुरुवात करायच्या आधी बो उलटी धरून स्टँडवर दोनदा टकटक करायची, आणि दुसरी टकटक पहिलीपेक्षा हलकी. शिकवताना मला त्याचा राग यायचा.

जी टेप आली ती गाणं सुरू होतं तिथून सुरू होते. मला गाणं मिळालं, मी कृतज्ञ आहे. पण मला मधलं हवंय, दोन टेकच्या मधलं, कुणी खोकतंय, खुर्ची सरकतेय, कुणीतरी ‘वन मोअर’ म्हणतंय, ते.

(माहीम)

*

ताई, धागा मीच काढला होता, कॅसेटवाला. तुमचं वाचल्यावर रात्री ट्रंकेतून परत काढली. माझ्या कॉपीत गाण्याआधी काहीतरी खुडबुड आहे, बोलणं आहे, हे पक्कं आठवतंय कारण तेव्हा मी ते पुढे ढकलायचो. खिडकीतून बघितलं तर रिळावर दोन पांढरे ठिपके आहेत. लावलेली नाही. ठाण्याच्या दादांना मेसेज केलाय, शनिवारी स्वतः घेऊन जातो, कुरिअरने पाठवत नाही. जे निघेल ते पहिलं तुम्हाला ऐकवतो.