पिंगमध्ये मधेच "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" येतंय, बिघाड घरात की बाहेर?

गुहागरची_ओटी:
मंडळी, फायबर कनेक्शन आहे पण पाऊस सुरू झाल्यापासून व्हिडिओ कॉल सारखा अडकतो, मुलीचे ऑनलाइन क्लास असतात, बिचारी रडकुंडीला येते. कंपनीत फोन केला की म्हणतात तुमचा लॅपटॉप बघा. ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर) ला पिंग मारलं, म्हणजे छोटे संदेश पाठवून उत्तर येतं का बघितलं, तर तीन उत्तरं आली आणि चौथ्याला टाइम्ड आउट, म्हणजे वेळेत उत्तरच नाही. यातून समजायचं काय?

सावंतवाडी_नेट:
चार पाकिटांवरून (पिंगच्या छोट्या संदेशांवरून) काही कळत नाही हो, विंडोज स्वतःहून चारच पाठवतं. पिंगच्या कमांडपुढे स्पेस देऊन मायनस टी (-t) लावा, मग ते चालूच राहतं, थोड्या वेळाने कंट्रोल सी दाबलं की किती हरवली ते टक्क्यांत दिसतं. पण आधी आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड टाकून डिफॉल्ट गेटवे, म्हणजे घरातल्या राउटरचा पत्ता, बघा, बहुतेक १९२.१६८.१.१ असेल, त्याला पिंग मारा. तिथेच पाकिटं हरवली तर दोष घरातला. आणि वायफायवर नको, केबल लावूनच करा, चिऱ्याच्या जाड भिंतींत वायफायचा जीव जातो आणि आळ लाइनवर येतो.

हर्णै_बंदर:
आमच्या बोटीवरचा फिश फाइंडर असाच चालतो, आवाज खाली सोडायचा आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. पिंग हे नावच सोनार (sonar, पाण्यात आवाज सोडून अंतर मोजणारं यंत्र) याच्या आवाजावरून आलंय, माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये हा प्रोग्रॅम लिहिला. म्हणून टाइम दिसतो तो जाऊन-येऊनचा.

गुहागरची_ओटी:
केबल लावून केलं. गेटवेला १ मिलिसेकंद, एकही हरवलं नाही. ८.८.८.८ ला २०० पैकी ३० गेली, आणि ओटीवर बसून बघत होतो तर वारा आला की टाइम्ड आउटची रांग लागते, वारा पडला की परत सुरळीत!

सावंतवाडी_नेट:
मग घर सुटलं, बाहेरची तार बघा. फायबर फार वाकली की आतला प्रकाश गळतो. ट्रेसर्टमध्ये (tracert, वाटेतले टप्पे दाखवणारी कमांड) मधे कुठे तारे (*) दिसले तर घाबरू नका, काही राउटर उत्तरच देत नाहीत, पुढचे टप्पे येतायत ना ते बघायचं. वेळेसकट स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा.

गुहागरची_ओटी:
स्क्रीनशॉट दाखवल्यावर माणूस आला. माडाची झावळ तारेवर पडून लोंबत होती, तार खांबाशी पार दुमडलेली. तेवढा तुकडा बदलला. आता ५०० पैकी ०. मनापासून आभार दोघांचे.